राजाचे दुसऱ्या अंकातले कपडे

आमच्या धंद्यात राजे भाड्याने जात. सकाळी नेलेला राजा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत परत येई. बहुतेक वेळा तो घामाने ओला असे, कधी दाढीला बटाटेवड्याची चटणी लागलेली असे, आणि एकदा तर तो एका बाहीशिवाय आला. "बाही कुठंय?" असं विचारल्यावर नेणारे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "युद्धात गेली." शाळेच्या स्नेहसंमेलनातली युद्धं खरी असतात हे मला तेव्हापासून मान्य आहे.

डोंबिवली पूर्वेला एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर माझा कपडेपट होता. म्हणजे नाटकं, संमेलनं, मिरवणुका यांसाठी पोशाख, दागिने, दाढ्यामिशा आणि केसांचे टोप भाड्याने देणारं दुकान. अडतीस वर्षं चालवलं, गेल्या उन्हाळ्यात बंद केलं. आता पोरं तयार पोशाख मोबाइलवरून मागवतात. ते पोशाख चकचकीत असतात, पण एका धुण्यात त्यांचं राज्य जातं.

मुकुटाबद्दल लोकांना फार कुतूहल असे. मुकुट पुठ्ठ्याचा असतो. पुठ्ठ्यावर खळ, खळीवर सोनेरी बेगड, कडेला मण्यांची लेस आणि आतून घाम शोषायला जुन्या सुती साडीची पट्टी. वजन जेवणाच्या रिकाम्या डब्याएवढं. पण तो डोक्यावर गेला की माणसाची चाल बदलते. हौशी नाटकात काम करणारे एक बँकेतले कारकून मुकुट घातल्यावर माझ्याशी एकेरीत बोलायचे. मुकुट काढल्यावर पुन्हा "अहो पेंडसे". मला त्याचा कधी राग आला नाही. माल चांगला आहे याची ती पावती होती.

आमचा एक नियम होता. रंगमंचावर मुकुट पडता कामा नये. नट वाक्य विसरला तर ती नटाची फजिती, मुकुट पडला तर कपडेपटवाल्याची. म्हणून मी मुकुट टोपाला आणि टोप डोक्याला असा पिनांनी बसवायचो की राजा आडवा झाला तरी मुकुट उभा राहावा.

या नियमाचा तोटा मला मानपाड्याला एका हळदीत कळला. तिथल्या जुन्या जमीनदार घरातलं लग्न. नवरदेवाला हळदीच्या मांडवात राजा म्हणून आणायचं ठरलं होतं. त्याच्या काकांनी फोनवर सांगितलं होतं, "कमी काय ठेवू नका. लोकांनी बघत राहायला पाहिजे." मी स्वतः जाऊन त्याला सजवला. रथ आला, धूर सोडला, फटाके झाले, लोक बघत राहिले. मग नवरदेव आजीच्या पाया पडायला गेला आणि निम्म्यात थांबला. मुकुटाचा मागचा भाग मानेत रुतत होता, त्याला वाकताच येईना.

आजी पाटावर बसली होती. ती म्हणाली, "आरं बाला, मुगुट काढ आदी. वाकाला नको का तुला?"

मुकुट निघेना. काकांनी ओढला तर टोप कानावर आला. मी पुढे होऊन सहा पिना एकेक करून काढल्या, तोवर चारशे माणसं आणि एक बेंजो पार्टी गप्प उभी होती. पोरगं पाया पडलं. आजीने माझ्याकडे बघितलं.

"यो मुगुट तूच बसवलास का रं?"

"हो आजी."

"बरा बसवलास. काढाचा कसा त्ये पन शिकून ठेव."

मी मान डोलावली आणि शिकलो काही नाही. कारण मुकुट काढण्यासाठी माझ्याकडे कोणी येतच नसे. माझ्या दुकानातल्या सगळ्या दांड्यांवर पहिल्या अंकातले राजे लटकलेले होते. राज्य गेलेल्या राजाचे कपडे भाड्याने मागायला येतो कोण?

एकदा हरिश्चंद्राचा प्रवेश बसवणाऱ्या शाळेतून एका मुलाची आई आली. म्हणाली, "काका, स्मशानातल्या सीनलासुद्धा मुकुट पाहिजे."

"अहो, तिथे तो राजा राहिलेला नसतो. तो स्मशानाची राखण करतोय."

"ते कळलं हो. पण फोटोवाला शेवटच्या सीनला येणार आहे. मग आमचा अथर्व राजा होता हे फोटोत कळणार कसं?"

त्या वर्षी डोंबिवलीत हरिश्चंद्राने मुकुट घालून स्मशान राखलं. माझ्या मागच्या रांगेतले एक आजोबा शेजाऱ्याला म्हणाले, "हा मुकुट विकला असता तर बायको विकायची वेळ आली नसती." मला पटलं.

दुसऱ्या अंकातला राजा माझ्याकडे मागणारा माणूस अडतीस वर्षांत एकच भेटला. ते आढाव सर.

आढाव सर ठाण्याच्या एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. राहायला कोपरीत, मुलगी रूथ हिच्यासोबत. त्यांच्या पत्नी बऱ्याच वर्षांपूर्वी वारल्या होत्या. उपासनेला मात्र सर दर रविवारी कल्याणला येत, कारण त्यांच्या वडिलांच्या वेळेपासूनची चर्चची मंडळी तिथली. नाताळाच्या आधीच्या रविवारी दुपारी चर्चच्या अंगणात नाटक होई. ते सरांनीच लिहिलेलं, सरांनीच बसवलेलं, आणि राजाही सरच. वीस-एक वर्षं तेच नाटक, तोच राजा. बाकीची पात्रं मोठी होऊन, लग्न करून, बदलापूरला राहायला जाऊन बदलत राहिली.

नाटक बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याचं. गोष्ट साधी आहे. राजा महालाच्या गच्चीवर फिरतोय. खाली पसरलेलं नगर बघून तो म्हणतो, हे सगळं मी केलं. शब्द तोंडात असतानाच आकाशातून आवाज येतो आणि राजाची बुद्धी काढून घेतली जाते. तो रानात जातो, गुरांमध्ये राहतो, गवत खातो. दवाने अंग भिजतं, केस पिसांसारखे वाढतात, नखं पक्ष्यांसारखी होतात. फार दिवसांनी तो एकदा वर बघतो आणि त्याची बुद्धी त्याला परत मिळते.

मी देवाधर्माचा माणूस नाही. रविवारी मी दुकानात बसून वाचत असे. पण कपडेपटवाला म्हणून ही गोष्ट मला पहिल्याच वर्षी आवडली, कारण तिच्यात दुसऱ्या अंकाचं काम पहिल्यापेक्षा मोठं आहे. जुन्या एक्स-रेच्या फिल्म कापून मी नखं केली. टोप विस्कटून त्यात कोंबडीची पिसं गुंतवली. गोणपाटाचा बिनबाह्यांचा अंगरखा शिवला आणि आतून बनियन लावलं, कारण गोणपाट फार चावतो. हा पोशाख सरांखेरीज कोणी नेला नाही.

सर स्वतः राजाच होते. उंच, ताठ, आवाज असा की कोपरीहून हाक मारली तर खाडीपलीकडे ऐकू जावी. त्यांना विनोद कळायचा, पण आपल्यावरचा नाही. त्यांच्या ताठ्याचं एक उदाहरण पुरे. त्यांच्या नाटकाला पूर्वी प्रॉम्प्टर होत्या, मार्थाबाई. दवाखान्यात परिचारिका होत्या, ड्यूटी सांभाळून तालमीला यायच्या. पडद्याआडून वाक्य सांगायची त्यांची पद्धत फार चांगली. अर्धं वाक्य द्यायचं आणि थांबायचं. पंधरा वर्षांपूर्वी एका तालमीत सरांनी सगळ्यांदेखत त्यांना सांगितलं, "बाई, तुमच्या कुजबुजीमुळे लोकांना वाटतं मला पाठ नाही. तुमची गरज नाही इथे. तुम्ही आपल्या समोर बसून नाटक बघा."

मी तेव्हा कोपऱ्यात दाढीला कंगवा करत होतो. मार्थाबाई वही मिटून "बरं सर" एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून त्या दर वर्षी तिसऱ्या रांगेत बसून नाटक बघत. सर त्यांच्याशी चर्चच्या दारातल्या "सलाम"पलीकडे बोलत नसत. आणि सर अभिमानाने सांगत, "आमच्या नाटकाला प्रॉम्प्टर लागत नाही."

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. नोव्हेंबरात एका मंगळवारी सर माप द्यायला आले. आरशासमोर उभे राहून म्हणाले, "पेंडसे, राजाचं पोट यंदा साम्राज्याच्या बाहेर चाललंय. शिवण सोडा." मी हसलो, खडूने खुणा केल्या. गुरुवारी सर पुन्हा आले. आरशासमोर उभे राहिले. "पेंडसे, राजाचं पोट यंदा साम्राज्याच्या बाहेर चाललंय. शिवण सोडा." मला वाटलं, गंमत करताहेत. मी पुन्हा हसलो. शनिवारी पुन्हा तेच. या वेळी झगा अंगावर चढवताना त्यांना खडूच्या खुणा दिसल्या.

"या कोणी केल्या?"

"मीच, सर. परवा आपण आला होतात ना."

"मी?"

सर झगा तसाच अर्धवट घालून स्टुलावर बसले. खाली रिक्षावाल्यांचं भांडण चालू होतं, ते संपेपर्यंत आम्ही दोघं ऐकत राहिलो.

मग ते म्हणाले, "उन्हाळ्यापासून होतंय. घरी जाताना रस्ता चुकलो दोनदा. नाटक पाठ आहे अजून. म्हणजे, बरंचसं."

"रूथला माहीत आहे?"

"नाही. आणि तुम्ही सांगणार नाही. यंदाचं नाटक होऊ द्या, पेंडसे. मग मी स्वतः सांगतो तिला."

मी शब्द दिला. वर कारागिराचा तोरा होताच. म्हटलं, "सर, तुम्ही काळजी करू नका. मजकूर माझ्याकडे लागला."

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. राजाच्या पोशाखात बऱ्याचदा मजकूर असतो. ढालीच्या मागे चिठ्ठी चिकटवलेली असते. दरबारात वाचायच्या खलित्यात खरोखरच वाक्यं लिहिलेली असतात. मोठमोठ्या आवाजाच्या नटांच्या बाह्यांत मी आतून खिसे शिवले आहेत आणि ती नावं आजवर कोणाला सांगितलेली नाहीत. सरांसाठी मी सगळी विद्या पणाला लावली. पहिल्या अंकाची वाक्यं दोन्ही बाह्यांच्या अस्तरात, प्याल्याच्या आत, गच्चीच्या कठड्यावर. ठळक अक्षरात, क्रमाने.

अडचण दुसऱ्या अंकाची. राजाचे कपडे उतरले की मजकूरही उतरणार. गोणपाटाला बाह्या नाहीत. हातात प्याला नाही. आणि शेवटचं लांब भाषण तिथेच. बुद्धी परत आलेला राजा बोलतो ते.

राहिलं गवत. कल्याणच्या एका तबेल्यातून दर वर्षी ताज्या गवताचा भारा यायचा. भाषणाच्या चिठ्ठ्या गवतात ठेवायच्या, सर गुडघ्यांवर असतील, सहज दिसतील. मी हिरवा पतंगी कागद आणला. गवताच्या रंगाशी तंतोतंत जुळणारा. पुढच्या रांगेतल्या माणसालासुद्धा शंका येऊ नये. मी स्वतःवर खूश होतो.

नाटकाच्या दिवशी पहिला अंक असा झाला की लोक टाळ्या थांबवेनात. सर कठड्यावर हात ठेवून उभे राहिले, नगराकडे बघितल्यासारखं चिठ्ठीकडे बघितलं आणि म्हणाले, "हे सगळं मी केलं." आकाशवाणी झाली. रूथ बाजूला पडद्याची दोरी धरून उभी होती. तिने पडदा ओढला. मी आत सरांना गोणपाट घातला, नखं चिकटवली, विस्कटलेला टोप बसवला.

पडदा उघडला. सर हातापायांवर रांगत गवताशी आले. दोन-तीन वाक्यं बोलले, ती त्यांना येत होती. मग चिठ्ठी शोधायला लागले.

चिठ्ठी त्यांना दिसेना. इतकी वर्षं मी एकच विचार करत आलो होतो, प्रेक्षकांना दिसता कामा नये. नटाला दिसली पाहिजे हा विचार माझ्या मनातच आला नव्हता. त्यात गवत पाण्याने ओलं. पतंगी कागद पात्यांना चिकटून पात्यांसारखाच झालेला. सर लांब नखांनी गवत उपसत होते, नाकाशी नेऊन बघत होते, बाजूला फेकत होते. प्रेक्षक श्वास रोखून बघत होते. कोणीतरी पुटपुटलं, "काय काम करतोय हा माणूस!" मग सरांनी मूठभर गवत तोंडात घातलं. ते दर वर्षी घालायचे, एखादी काडी. या वेळी त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यातून कागदाचा हिरवा कोपरा बाहेर आलेला मला दिसला आणि चावता चावता आत गेला.

सर थांबले. आता त्यांनी वर बघायचं होतं आणि बोलायचं होतं. त्यांनी वर बघितलं. मांडवाचं कापड होतं. ते बघत राहिले. एक लहान मूल हसलं, त्याच्या आईने त्याच्या तोंडावर हात ठेवला. रूथने दोरी सोडली होती. तिचा चेहरा मला दिसत होता आणि तिला कळलं आहे हेही मला दिसत होतं. पडदा ओढावा म्हणून मी तिला खूण केली. ती हलली नाही.

तेवढ्यात सरांनी मान खाली आणली आणि तिसऱ्या रांगेकडे बघितलं.

"मार्थाबाई."

लोकांनी वळून तिसऱ्या रांगेकडे बघितलं.

"मार्थाबाई, पुढचं काय आहे? मला आठवत नाही."

मार्थाबाईंच्या मांडीवर पर्स होती. त्यांनी ती शेजारणीकडे दिली. उठल्या नाहीत. हातात वही नव्हती, चष्माही नव्हता. त्यांनी जुन्या पद्धतीने अर्धं वाक्य दिलं आणि थांबल्या. सरांनी ते म्हटलं, पुढचं अर्धं त्यांना आपसूक आलं. मग त्यांनी पुढचं दिलं. हे नगर मी उभारलं नाही, माझ्या आधी ते होतं, माझ्या नंतर राहील. हा मुकुट मला दिलेला होता, मी तो उचललेला नव्हता. असं ते भाषण. वीस वर्षं मी ते ऐकत होतो आणि मला ते जरा शाळेतल्या फळ्यावरच्या सुविचारासारखं वाटायचं. त्या दिवशी तसं वाटलं नाही. दोन म्हातारी माणसं एक वाक्य मधोमध वाटून घेत शेवटपर्यंत गेली.

आभार मानताना चर्चच्या पाळकसाहेबांनी सरांच्या "या वर्षीच्या नव्या कल्पनेचं" कौतुक केलं. प्रेक्षकांतून संवाद घेण्याचा हा प्रयोग त्यांना फार आधुनिक वाटला होता. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी रूथ पोशाख परत करायला आली. गोणपाट धुऊन, घडी घालून आणला होता. गोणपाटाची घडी घालणारी ती पहिलीच.

"काका, तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"दीड महिना झाला असेल. सरांनीच शब्द घेतला होता, रूथ. त्यांचा मान—"

"मी दीड महिना रोज भांडले त्यांच्याशी." ती म्हणाली. "गॅस चालू ठेवता, किल्ली हरवता, एकच गोष्ट दहादा विचारता, मला छळायला मुद्दाम करता म्हणून. परवा तर मी दोन दिवस बोलले नाही. डॉक्टरांनी काय केलं असतं ते जाऊ दे. पण मी बोलले असते ना त्यांच्याशी."

मी तिला चहा विचारला. ती नको म्हणाली. जिना उतरताना तिचा आवाज आला, कोणाला तरी फोनवर सांगत होती, "हो, निघाले. बाबांना सांगा, मी येईपर्यंत दार उघडू नका."

मी हे अनेकदा घोळवलं आहे. सरांचा मान राखला असं मी स्वतःला सांगत असे. पण त्या दीड महिन्यात मीही मनातून जरा उंच चालत होतो. एका राजाचं गुपित माझ्याकडे होतं आणि त्याला सावरणारी युक्तीही माझ्याचकडे होती. हे सगळं मी केलं, असं म्हणण्याच्या तयारीत मी हिरवा कागद कापत बसलो होतो. त्या राजाच्या गोष्टीतून लोक काय काय धडे काढतात. देव गर्विष्ठांना खाली आणतो वगैरे. असेलही. मी पाहिलं ते एवढंच, की खाली येणं सरांना जमवावं लागलं नाही, ते आपोआप झालं. विचारणं मात्र त्यांना स्वतः करावं लागलं. माझ्याने ते झालं असतं का, सांगता येत नाही.

सर अजून कोपरीत आहेत. मला ओळखतात असं नाही. मार्थाबाई बुधवारी जातात आणि पेपर मोठ्याने वाचून दाखवतात. मध्येच थांबून विचारतात, "पुढे काय असेल, सर?" सर काहीही सांगतात. बातमीपेक्षा ते बरं असतं, असं रूथ म्हणते.

नाटकानंतर पडद्यामागे जे झालं ते मी रूथला सांगितलं नव्हतं. आता सांगायला हरकत नाही. मी सरांची दाढी काढत होतो. दाढी चिकटवलेली असते, ती स्पिरिटने हळूहळू सोडवावी लागते, घाई केली तर कातडी सोलते. बाहेर लोक खुर्च्या उचलत होते. सर गोणपाटात बसले होते, दातांत गवत अडकलेलं.

मग म्हणाले, "मला वाटलं, मार्थाबाई पुढचं सांगणार नाहीत."

मी कापूस स्पिरिटमध्ये बुडवला.

"त्यांच्या जागी मी असतो ना, पेंडसे, तर मी सांगितलं नसतं."

त्यांनी हनुवटी वर केली, मला नीट हात पोचावा म्हणून, आणि दाढी पूर्ण निघेपर्यंत तशीच धरून ठेवली.